भोंगा मुका का होतो? धोक्याच्या सायरनची आणि त्याच्या बॅटरीची गोष्ट

१/
२० सप्टेंबर २०००. अमेरिकेच्या ओहायो राज्यातील झीनिया या लहानशा शहरावर संध्याकाळी टोर्नेडो कोसळला. टोर्नेडो म्हणजे ढगातून थेट जमिनीपर्यंत उतरणारा आणि वाटेत येईल ते उपटून नेणारा वाऱ्याचा भोवरा. अशा वेळी नागरिकांना सावध करण्यासाठी शहरात सायरन उभारलेले होते. ते वाजले नाहीत. वादळाने आधी वीज तोडली आणि विजेवर चालणारे सायरन मुके झाले. एकाचा मृत्यू झाला, शंभराच्या आसपास माणसे जखमी झाली. ज्या संकटाची वर्दी द्यायची, त्याच संकटाने वर्दी देणाऱ्याचा गळा धरला होता.

२/
झीनियाला टोर्नेडो नवा नव्हता. ३ एप्रिल १९७४ रोजी याच शहराचा मोठा भाग अतितीव्र टोर्नेडोने उद्ध्वस्त केला होता आणि ३० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली होती. तेव्हा शहरात सायरनच नव्हते. तेथील शाळेत काही विद्यार्थी नाटकाची तालीम करीत होते. एकीच्या नजरेस बाहेरचा भोवरा पडला, म्हणून मुले रंगमंच सोडून आतल्या मार्गिकेत धावली. काही क्षणांतच ज्या रंगमंचावर ती उभी होती, तेथे वाऱ्याने शाळेची बस आणून आदळली. मुले वाचली ती एका मुलीच्या नजरेमुळे.

३/
त्या आपत्तीनंतर सायरन आले. २६ वर्षांनी सायरन होते, पण वीज नव्हती. यावर उपाय उघड होता: सायरनला बॅटरी जोडावी. अमेरिकेत ठिकठिकाणी तो झालाही. मात्र उपायाबरोबर एक नवी दुखणीही आली. बॅटरी म्हातारी होते, आणि म्हातारपणाची कोणतीही खूण बाहेर दिसत नाही.
या थ्रेडमध्ये सायरनचा दोनशे वर्षांचा प्रवास आणि त्या प्रवासात पुन्हा पुन्हा समोर येणारा एकच प्रश्न पाहू: वर्षानुवर्षे गप्प उभ्या असलेल्या यंत्राने नेमक्या त्या पाच मिनिटांत बोलावे, याची हमी कशी द्यायची?

४/
सायरनचा जन्म संकटाशी संबंधित नव्हताच. १८१९ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ शार्ल कान्यार द ला तूर यांनी ध्वनीच्या अभ्यासासाठी एक उपकरण तयार केले. भोके पाडलेली तबकडी फिरवायची आणि त्या भोकांतून हवेचा झोत तुटक तुटक सोडायचा. तबकडीचा वेग वाढला की स्वर चढतो. हे उपकरण पाण्याखालीही वाजत असे, म्हणून त्याला ग्रीक पुराणकथांतील समुद्रकन्यांचे, सायरनांचे, नाव मिळाले. त्या कथांतल्या सायरन गाऊन खलाशांना मृत्यूकडे ओढीत. त्यांचेच नाव पुढे जीव वाचवणाऱ्या यंत्राला चिकटले.

५/
यानंतर बरोबर ४० वर्षांनी, १८५९ मध्ये, फ्रान्समध्येच गास्तों प्लाँते यांनी पुन्हा पुन्हा भरता येणारी शिसे-आम्ल बॅटरी बनवली. शिशाचे पत्रे आणि गंधकाम्ल एवढाच तिचा संसार. आज घरातल्या इन्व्हर्टरमध्ये, मोटारीच्या बॉनेटखाली आणि धोक्याच्या सायरनच्या खांबावर जी बॅटरी असते, ती याच घराण्यातली. सायरन आणि बॅटरी ही दोन फ्रेंच अपत्ये एकमेकांच्या भरवशावर जगू लागली ती मात्र शतकाहून अधिक काळ उलटल्यावर.

६/
सायरनला सार्वजनिक भीतीचा आवाज केले ते दुसऱ्या महायुद्धाने. ३ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटनचे पंतप्रधान चेंबरलेन यांनी रेडिओवरून युद्धाची घोषणा केली आणि अवघ्या काही मिनिटांत लंडनमध्ये सायरन घुमले. तो इशारा खोटा ठरला. पुढच्या काळात मात्र खऱ्या हवाई हल्ल्यांनी लोकांना त्या चढत्या-उतरत्या स्वराची ओळख करून दिली. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. युद्धकाळात सायरन वारंवार वाजत, त्यामुळे त्यातला बिघाड फार काळ लपून राहत नसे. शांततेच्या काळात हे संरक्षण उरले नाही.

७/
शीतयुद्धात अमेरिकेने सायरनकडे मुख्यतः आवाजाच्या दृष्टीने पाहिले. १९५२ मध्ये क्रायस्लर कंपनीने हवाई हल्ल्याचा जो सायरन बाजारात आणला, त्यात १८० अश्वशक्तीचे आठ सिलिंडरचे पेट्रोल इंजिन होते आणि १०० फुटांवर त्याचा आवाज १३८ डेसिबल भरत असे. वीज गेली तरी हा राक्षस ओरडू शकत होता. पण इंजिन म्हटले की पेट्रोल, तेलपाणी आणि ते सुरू करणारी बॅटरी आलीच. महिनोन्महिने उभ्या असलेल्या मोटारीची सकाळी जी गत होते, तीच या सायरनचीही होऊ शकत होती.

८/
म्हणून बहुतेक शहरांनी सोपा मार्ग पत्करला: विजेच्या मोटरवर चालणारा, थेट तारेला जोडलेला सायरन. खर्च कमी, देखभाल कमी. यामागे एक न बोललेले गृहीतक होते. शत्रूची विमाने येण्याआधी इशारा मिळेल, तेव्हा वीज चालूच असेल. वीज जाईल ती बाँब पडल्यावर, आणि तोवर सायरनचे काम झालेले असेल. हवाई हल्ल्याच्या बाबतीत हे गृहीतक बरेचसे योग्य होते. घोटाळा झाला तो सायरनचे काम बदलल्यावर.

९/
अणुयुद्ध आले नाही. वादळे येतच राहिली. हल्ल्यासाठी उभारलेले सायरन हळूहळू टोर्नेडोसाठी वापरले जाऊ लागले आणि १९७४ च्या संहारानंतर ही गरज सर्वांनाच पटली. परंतु वादळाचा क्रम हल्ल्यापेक्षा उलटा असतो. मुख्य भोवरा येण्याआधीच सोसाट्याचा वारा झाडे पाडतो, विजेच्या तारा तोडतो. म्हणजे सायरनची वेळ येते, तेव्हाच त्याचा पुरवठा खंडित होण्याची शक्यता सर्वाधिक असते. यंत्र तेच राहिले, शत्रू बदलला, आणि जुने गृहीतक कोणाच्या लक्षात न येता निकामी झाले. झीनियात २००० साली घडले ते हेच.

१०/
दुसरा धक्का अणुऊर्जेने दिला. २८ मार्च १९७९ रोजी पेनसिल्व्हेनियातील थ्री माइल आयलंड अणुभट्टीत अपघात झाला आणि आसपासच्या लोकांना वेळेत कळवण्याची धड व्यवस्था नसल्याचे उघड झाले. त्यानंतर अमेरिकेत अणुप्रकल्पाभोवती सुमारे १० मैलांच्या म्हणजे १६ किलोमीटरच्या परिघात १५ मिनिटांत इशारा पोहोचवण्याची अपेक्षा ठरवण्यात आली. प्रकल्पांभोवती सायरनचे जाळे उभे राहिले. त्यांतले कितीतरी सायरन मात्र अजूनही सरळ विजेच्या तारेवरच अवलंबून होते.

११/
१४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडाचा काही प्रदेश अंधारात गेला. सुमारे ५ कोटी लोकांची वीज खंडित झाली. न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला, हडसन नदीकाठी, इंडियन पॉइंट हा अणुप्रकल्प होता. त्याच्या भोवतालचे दीडशेहून अधिक सायरन चार परगण्यांत विखुरलेले होते. वीज गेल्यावर त्यांतले अनेक निरुपयोगी झाले. त्या दिवशी प्रकल्पात दुर्घटना घडली नाही, हे सुदैव. पण घडली असती तर लोकांना सांगणार कोण, हा प्रश्न आता पुस्तकी राहिला नव्हता.

१२/
२००५ च्या अमेरिकी ऊर्जा धोरण कायद्यात एक छोटेसे कलम आले. ज्या अणुप्रकल्पाच्या ५० मैलांच्या परिसरात दीड कोटीहून अधिक वस्ती आहे, तेथील इशारायंत्रणेला पर्यायी वीजपुरवठा असलाच पाहिजे. कलमात कोणत्याही प्रकल्पाचे नाव नव्हते. नावाची आवश्यकताही नव्हती; न्यूयॉर्कला खेटून असलेला इंडियन पॉइंट या वर्णनात नेमका बसत होता. कायद्याच्या भाषेत पहिल्यांदाच मान्य झाले की सायरन असणे आणि सायरन वाजू शकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

१३/
पण कायदा झाला म्हणून सायरन वाजू लागत नाहीत. नव्या यंत्रणेसाठी जानेवारी २००७ ची मुदत ठरली. ती एप्रिलपर्यंत वाढवली गेली आणि तीही हुकली. नियामक आयोगाने प्रकल्प चालवणाऱ्या कंपनीला १,३०,००० डॉलरचा दंड केला. ऑगस्टची नवी मुदतही हुकली. २००८ च्या आरंभी ६,५०,००० डॉलरचा दुसरा दंड प्रस्तावित झाला. अखेर बॅटरीची जोड असलेले १७२ सायरन ऑगस्ट २००८ मध्ये अधिकृतपणे कामास लागले. एका बॅटरीची सोय करायला कायदा, दोन दंड आणि तीन वर्षे लागली.

१४/
ही सोय प्रत्यक्षात दिसते कशी? उंच खांबाच्या टोकावर सायरन आणि खाली माणसाच्या हाताला येईल अशा उंचीवर लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची पेटी. पेटीत नियंत्रक, रेडिओ, चार्जर आणि बहुधा १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या एकापुढे एक जोडून ४८ व्होल्टचा पुरवठा. तारेतून किंवा सौर पट्टीतून थोडी थोडी वीज येऊन बॅटऱ्या भरलेल्या राहतात. वीज गेल्यावर निदान एक दिवस यंत्र सज्ज राहावे आणि त्यानंतरही सुमारे १५ मिनिटे पूर्ण ताकदीने वाजावे, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते.

१५/
आता त्या पेटीच्या आत डोकावू. बॅटरी वीज देते तेव्हा तिच्या पत्र्यांवर शिशाचे सल्फेट जमते. पुन्हा भरली की ते विरघळते. पण बॅटरी अर्धवट भरलेल्या अवस्थेत पडून राहिली तर त्याचे कठीण स्फटिक होतात आणि मग ते सहजासहजी जात नाहीत. नीट भरलेली बॅटरीही सुरक्षित नसते. तिच्या धन पत्र्याची जाळी अखंड, सावकाश गंजत असते. बंद प्रकारच्या बॅटरीतला ओलावा वर्षागणिक कमी होतो. थोडक्यात, बॅटरी न वापरताही झिजते. म्हणून साधारण तीन ते पाच वर्षांनी ती बदलणे हाच शहाणपणा मानला जातो.

१६/
खांबावरची पेटी म्हणजे बॅटरीसाठी आदर्श घर नव्हे. उन्हाळ्यात बंद पेटी तापते. तापमान ८ ते १० अंश सेल्सिअसने वाढले की शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा तंत्रज्ञांचा ढोबळ नियम आहे. हिवाळ्यात उलटे होते: कडाक्याच्या थंडीत आयुष्य घटत नाही, पण त्या दिवशी मिळणारी ताकद बरीच खाली येते. उन्हाने अशक्त झालेली बॅटरी पहिल्या थंडीत मान टाकते, ती यामुळे. शिवाय उंदीर, मुंग्या, समुद्रकाठची खारी हवा आणि तांब्याच्या तारांवर डोळा ठेवणारे चोर आहेतच.

१७/
सर्वात फसवी गोष्ट पुढेच आहे. इन्व्हर्टर वापरणाऱ्या प्रत्येक घराला ती ठाऊक असते. दिवा हिरवा, बॅटरी भरलेली. वीज गेली, पंखा लावला आणि दहा मिनिटांत सारे थंड. जुन्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. काही काम नसताना तिचा व्होल्टेज अगदी निरोगी दिसतो. मोठा प्रवाह मागितला की तो क्षणात कोसळतो. सायरनची मोटर सुरू होताना नेमका असाच मोठा प्रवाह मागते. म्हणजे व्होल्टमीटरने दिलेले आरोग्याचे प्रमाणपत्र खोटे ठरू शकते, आणि ते खोटे आहे हे कळते ते खरी मागणी झाल्यावरच.

१८/
अशा सायरनचे बिघाडही तऱ्हेतऱ्हेचे असतात. काही सायरन आज्ञा मिळूनही हूं की चूं करीत नाहीत. काही सुरू होतात, पण मोटर पुरेसा वेग घेत नाही. स्वर चढतच नाही आणि कण्हल्यासारखा घोगरा आवाज दोन गल्ल्यांपलीकडे पोहोचत नाही. काहींत मोटर सुरू होताच व्होल्टेज पडतो, नियंत्रक बंद होतो, भार सुटल्यावर व्होल्टेज सावरतो आणि नियंत्रक पुन्हा जागा होतो. अशा यंत्राचे वर्तन मग बेभरवशाचे बनते. लोक त्याला ‘तांत्रिक अडचण’ म्हणतात. बहुतेकदा तिचे खरे नाव ‘न बदललेली बॅटरी’ असे असते.

१९/
येथे या इतिहासातला विरोधाभास पूर्ण होतो. आधुनिक सायरनच्या अनेक प्रकारांत मोटर नेहमीच बॅटरीवर चालते. तारेतून येणारी वीज फक्त बॅटरी भरते. कारण तेवढा मोठा प्रवाह देऊ शकेल अशी जोडणी प्रत्येक खांबावर आणणे महाग पडते. परिणाम असा की बॅटरी मेली तर वीज चालू असतानाही सायरन मुकाच राहतो. जुना सायरन वीज गेल्यावर गप्प होत असे. हा सायरन लख्ख उजेडातही गप्प होऊ शकतो. दुबळी कडी नाहीशी झाली नाही. ती तारेतून निघून पेटीत जाऊन बसली.

२०/
मग तपासणी कशी करायची? तीन प्रकार रूढ आहेत. पहिला पूर्ण चाचणीचा: ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी सायरन खरोखर वाजवायचा. दुसऱ्यात मोटर क्षणभरच फिरवतात, एवढी की ती गुरगुरेल पण ओरडणार नाही. तिसरी मूक चाचणी: नियंत्रकाला रेडिओवरून विचारायचे, ‘ठीक आहेस ना?’ आणि त्याचे उत्तर नोंदवायचे. मूक चाचणी स्वस्त आहे, तिच्यामुळे कोणाची झोप मोडत नाही. पण भार न टाकता विचारलेल्या प्रश्नाला जुनी बॅटरी ‘ठीक आहे’ असेच उत्तर देण्याची शक्यता असते.

२१/
मराठी वाचकाला हा फरक गिरणगावाच्या भोंग्यावरून चटकन कळेल. मुंबईच्या कापडगिरण्यांचा भोंगा पाळ्यांच्या वेळी रोज वाजे. स्वयंपाक, शाळा, कामावर निघणे, सारे त्यावर बांधलेले असे. तो एक दिवस वाजला नसता तर अख्ख्या चाळीला पहाटेच कळले असते. रोजचा वापर हीच त्याची तपासणी होती आणि हजारो कान हेच त्याचे निरीक्षक. धोक्याच्या सायरनला हे भाग्य नाही. तो न वाजणे हीच रोजची, इष्ट स्थिती असते. म्हणून निरोगी सायरन आणि मेलेला सायरन वर्षभर अगदी सारखेच दिसतात.

२२/
चाचणीच्या दिवशीही गोष्ट सोपी नसते. सायरन वाजला की लोकांना तो ऐकू येतो. न वाजलेला सायरन ऐकू येत नाही. दूरच्या दुसऱ्या सायरनचा आवाज कानी पडल्यामुळे आपल्या चौकातला गप्प होता, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. आवाजाची तक्रार करायला माणसे फोन उचलतात. शांततेची तक्रार क्वचितच कोणी करते. जबाबदार शहरे म्हणून चाचणीच्या वेळी प्रत्येक खांबाजवळ माणूस उभा करतात किंवा मोटरने प्रत्यक्ष किती प्रवाह घेतला याची नोंद ठेवतात. दोन्हींना माणसे लागतात, आणि माणसांना पगार.

२३/
पैशाचा इतिहासही येथे महत्त्वाचा आहे. शीतयुद्धात नागरी संरक्षणासाठी अमेरिकेचे केंद्र सरकार स्थानिक शासनांना मदत देत असे. १९५० चा नागरी संरक्षण कायदा १९९४ मध्ये रद्द झाला. सायरन मात्र खांबांवरच राहिले आणि त्यांची काळजी मुख्यतः गावांवर व परगण्यांवर येऊन पडली. नवा सायरन उभारताना समारंभ होतो, छायाचित्र छापून येते. बॅटरी बदलण्याचे उद्घाटन कोणी करीत नाही. खरेदीसाठी अनुदान मिळवणे शक्य असते; दर चार वर्षांनी शेकडो बॅटऱ्यांसाठी अंदाजपत्रकात रक्कम राखून ठेवणे ही चिकाटीची गोष्ट आहे.

२४/
मग सायरन वरचेवर वाजवून पाहावेत, असे कोणी सुचवेल. त्यालाही मर्यादा आहे. २२ मे २०११ रोजी मिसुरी राज्यातील जॉप्लिन शहरात टोर्नेडोने दीडशेहून अधिक बळी घेतले. तेथे सायरन वाजले होते. नंतरच्या सरकारी अभ्यासात आढळले की पहिल्या सायरननंतर बहुतेकांनी लगेच आसरा घेतला नाही. सायरन इतक्यांदा ऐकला होता की त्याची धार बोथट झाली होती. फार वाजवला तर माणसांचे कान मरतात, फार कमी वाजवला तर बॅटरी मेल्याचे कळत नाही. प्रत्येक शहराला या दोहोंमधली वाट स्वतःच काढावी लागते.

२५/
कधी दुरुस्ती हेच दीर्घ मौनाचे कारण बनते. सॅन फ्रान्सिस्कोत दर मंगळवारी दुपारी १२ वाजता सायरनची चाचणी होत असे आणि तो आवाज शहराच्या ओळखीचाच भाग झाला होता. यंत्रणा जुनी झाली होती. तिची सुरक्षितता आणि विश्वासार्हता वाढवण्यासाठी डिसेंबर २०१९ मध्ये ११९ सायरन बंद करण्यात आले. दोन वर्षांत काम आटोपेल, असा अंदाज होता. मुदत उलटून गेली, निधीचा प्रश्न लोंबकळत राहिला आणि भूकंपाच्या छायेत जगणाऱ्या त्या शहरातल्या मंगळवारच्या दुपारी शांतच राहिल्या.

२६/
जर्मनीने वेगळ्या प्रकारे किंमत मोजली. शीतयुद्धाच्या काळात पश्चिम जर्मनीत सुमारे ८०,००० सायरन होते. युद्धाची भीती ओसरल्यावर १९९० च्या दशकात त्यांतले असंख्य काढून टाकले गेले. उरलेल्यांपैकी अनेक जुने सायरन तीन फेजच्या तारेवर चालणारे, बॅटरी नसलेले होते. १४ जुलै २०२१ च्या रात्री आर नदीच्या खोऱ्यात महापूर आला. वीज गेली, मोबाइलचे जाळे कोसळले आणि एकट्या त्या खोऱ्यात १३० हून अधिक माणसे गेली. त्यानंतर सरकारने बॅटरीवर चालणाऱ्या नव्या सायरनसाठी कोट्यवधी युरो मंजूर केले.

२७/
बॅटरी ठणठणीत असली म्हणजे झाले, असेही नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये हवाई बेटांतील माउईवर लाहायना शहर वणव्यात जळाले आणि शंभरांवर माणसे दगावली. बेटावरचे सायरन वाजवलेच गेले नाहीत. ते मुख्यतः त्सुनामीसाठी असल्याने लोक डोंगराकडे, म्हणजे आगीकडेच पळतील, असे कारण आपत्ती व्यवस्थापनाच्या प्रमुखांनी दिले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी राजीनामा दिला. सायरनची साखळी लांब असते: धोका ओळखणारा, कळ दाबणारा, संदेश नेणारा रेडिओ, बॅटरी, मोटर आणि शेवटी ऐकणारा माणूस. कोणतीही एक कडी तुटली की परिणाम एकच.

२८/
भारतात हा प्रश्न मे २०२५ मध्ये अचानक समोर आला. केंद्रीय गृह मंत्रालयाने ७ मे रोजी देशातील २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांत सराव घेण्याचे निर्देश दिले. हवाई हल्ल्याचे सायरन वाजवून पाहणे त्यात अग्रभागी होते. महाराष्ट्रात मुंबई, उरण आणि तारापूर ही ठिकाणे सर्वाधिक संवेदनशील गटात होती. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत काचांना काळे कागद चिकटवणारी, भोंगा वाजताच दिवे मालवणारी पिढी आता आजी-आजोबांची झाली आहे. त्यांच्या नातवंडांनी तो आवाज प्रथमच ऐकला. मधल्या पन्नास वर्षांत गच्चीवरच्या त्या यंत्राकडे किती वेळा कोणी पाहिले असेल?

२९/
झीनियाच्या दोन तारखा पुन्हा आठवू. १९७४ मध्ये सायरन नव्हता. २००० मध्ये सायरन होता, वीज नव्हती. तिसरी तारीख जगातल्या कोणत्याही गावाची असू शकते: सायरन असेल, बॅटरीही असेल, फक्त ती बदलण्याचे वर्ष उलटून गेलेले असेल.
सायरनच्या इतिहासात शोधकांची, कंपन्यांची आणि कायद्यांची नावे सापडतात. शिडी लावून खांबावरची पेटी उघडणाऱ्या, बॅटरीवर भार टाकून मोजमाप घेणाऱ्या आणि झाकणाच्या आत नवी तारीख लिहून ठेवणाऱ्या कामगाराचे नाव सापडत नाही. वादळाच्या रात्री भोंगा वाजतो, तो मुख्यतः त्याच्यामुळे.
आपल्या गावात भोंगा असेल, तर त्याच्या पेटीवरची शेवटची तारीख कोणती, एवढे विचारायला हरकत नाही.